कॅप्टन नेमोचा देश कोणता?

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर तालुक्यांत हिवरा आश्रम या नांवाचें एक गांव आहे. शुकदास महाराजांनीं स्थापन केलेला विवेकानंद आश्रम तेथें आहे, आणि स्वामी विवेकानंदांच्या जयंतीच्या उत्सवांत हजारों माणसें तेथें एका पंगतीस बसून जेवतात, म्हणून या गांवाची कीर्ति वऱ्हाडाबाहेरहि पोंचली आहे. आश्रमाच्या शाळा आहेत; म्हणजे बारा ते अठरा वर्षे वयाचीं मुलें आणि मुलीहि तेथें आहेत. या वयाच्या वाचनाविषयीं, आणि वाचलेल्या गोष्टींवरून निघणाऱ्या चित्रपटांविषयीं विचार करावयाचा, तर त्याचा आरंभ या गांवापासून करणें सोयीचें आहे. कारण शेजारच्याच लोणार तालुक्यांत अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या दोन्ही एकाच खड्ड्याच्या कांठावर शेजारणींप्रमाणें नांदत आहेत.

लोणारचें सरोवर पाहावयास गेलेल्या मुलास घरचें वडील माणूस सांगतें कीं, येथें जमिनीच्या पोटांत लवणासुर नांवाचा दैत्य राहात असे. त्यानें लोकांस फार पीडा दिली, तेव्हां विष्णूनें अवतार घेऊन त्याचा वध केला. हा खड्डा म्हणजे त्या असुराचें घर. गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव मंदिर या कथेची साक्ष देत उभें आहे. त्याच मुलास त्याच कांठावर शाळेंतील शिक्षक सांगतात कीं, हजारों वर्षांपूर्वीं आकाशांतून एक अशनि येथें प्रचंड वेगानें आदळला आणि दख्खनच्या काळ्या पाषाणांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर पडलें. १९७३ सालीं 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें, आघाताच्या दाबानें कांचेसारख्या झालेल्या खनिजांच्या पुराव्यावरून, या मतास बळकटी आणली. मूल दोन्ही गोष्टी ऐकतें आणि दोहोंत भांडण लावीत नाहीं. त्याला फक्त एवढेंच कळतें कीं, पायाखालची जमीन दिसते तितकी साधी नव्हे.

हाच त्या वयाचा धर्म होय. अगदीं लहान मूल परीची गोष्ट ऐकतें तें ती खरी मानून. प्रौढ माणूस ऐकतो तो ती खोटी मानून. या दोहोंच्या मधलें जें वय आहे, त्यालाच 'असें झालें तर?' हा प्रश्न पडतो. माणूस चंद्रावर गेला तर? समुद्राच्या तळाशीं घर बांधलें तर? काळाच्या प्रवाहांत उलट पोहतां आलें तर? या प्रश्नांचीं उत्तरें देणाऱ्या कथांना विज्ञानकथा म्हणावें कीं अद्भुतकथा, हा वाद समीक्षकांनीं घालावा. वाचणाऱ्या मुलाची भूक एकच असते.

लोणारच्या कांठीं बसून वाचावें असें एक पुस्तक आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची 'हेक्टर सर्व्हादाक' ही कादंबरी १८७७ सालीं प्रसिद्ध झाली. एक धूमकेतु पृथ्वीला घांसून जातो, उत्तर आफ्रिकेचा एक तुकडा आणि जिब्राल्टरच्या खडकाचा भाग उचलून नेतो, आणि त्यांवरील छत्तीस माणसें सूर्यमालेंत दोन वर्षे भटकून पुन्हा पृथ्वीवर उतरतात, असें तिचें कथानक आहे. भा. रा. भागवत यांनीं ती मराठींत 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या नांवानें आणली. शेंडेनक्षत्र हा धूमकेतूसाठीं मराठींतील जुना, घरगुती शब्द. तो योजल्याबरोबर फ्रान्समधील कादंबरी अंगणांत येऊन बसली.

आतां, पुस्तक मिटून मुलानें समोर पाहावें. व्हर्न सांगतो कीं, धूमकेतूचा धक्का बसूनहि माणसें सुखरूप राहिलीं. समोरचें विवर सांगतें कीं, अशा टकरींत पाषाणसुद्धां वितळून जातो. मुलाच्या मनांत शंका उभी राहते, आणि तरीहि पुढचें प्रकरण वाचण्याची उत्कंठा कमी होत नाहीं. लेखकावर प्रेम करणें आणि लेखकावर डोळे मिटून विश्वास ठेवणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा कोणीहि न शिकवितां त्याला मिळतो. वाचनाचा हा लाभ पुढें फार उपयोगीं पडतो. तो चित्रपट पाहतांना कसा उपयोगीं पडतो, हें व्हर्नच्याच दुसऱ्या एका मानसपुत्राच्या कथेवरून दिसून येईल.

तो मानसपुत्र म्हणजे कॅप्टन नेमो. 'समुद्राखालून वीस हजार लीग' ही व्हर्नची कादंबरी १८७० च्या सुमारास पूर्ण झाली. 'नॉटिलस' नांवाची पाणबुडी, तींतील ग्रंथालय, विजेचे दिवे, कांचेच्या खिडकींतून दिसणारी जलसृष्टि, आणि या सर्वांचा धनी असलेला एक अबोल, मानी, दुःखी पुरुष. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कोणी नव्हे' असा आहे. त्याला देश नाहीं, नांव नाहीं, गोत नाहीं. परंतु सिंहलद्वीपाजवळच्या समुद्रांत एक प्रसंग घडतो. मोतीं काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क मासा तुटून पडतो; नेमो आपला जीव धोक्यांत घालून त्याला वांचवितो आणि मोत्यांची थैली त्याच्या हातीं देतो. ज्यानें मनुष्यजातीशीं संबंध तोडला, त्यानें एका अनोळखी माणसासाठीं असें कां केलें, हा प्रश्न त्याच्या पाहुण्याला पडतो. नेमो उत्तर देतो तें एवढेंच कीं, हा मनुष्य पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे, आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपणहि त्याच देशाचे राहूं. चाणाक्ष वाचक येथें थबकतो.

कोडें उलगडतें तें पुढच्या कादंबरींत. 'गूढ बेट' ही कादंबरी १८७४-७५ मध्यें प्रसिद्ध झाली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या अखेरीस विमानांतून, म्हणजे त्या काळच्या वायूच्या फुग्यांतून, निसटलेले पांच कैदी पॅसिफिक महासागरांतील एका निर्जन बेटावर पडतात आणि केवळ बुद्धीच्या बळावर तेथें संसार उभा करितात. कोणी अदृश्य उपकारकर्ता त्यांना वेळोवेळीं साहाय्य करितो. शेवटीं ते एका गुहेंत पोंचतात, तेथें नॉटिलस अडकून पडलेली असते, आणि तींत मरणोन्मुख वृद्ध नेमो आपली कथा सांगतो. तो असतो राजपुत्र दक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा. लहानपणीं त्याला शिक्षणासाठीं युरोपांत धाडलेलें असतें. १८४९ सालीं तो मायदेशीं परततो. आणि १८५७ सालीं जो वणवा पेटला, त्यांत तो आपलें सर्वस्व घेऊन उडी घालतो. उठाव चिरडला जातो, पत्नी आणि मुलें मारलीं जातात, आणि तो निवडक सोबत्यांसह जमिनीकडे पाठ फिरवून समुद्राच्या तळाशीं जातो.

बुंदेलखंड, १८५७, आणि परकी सत्तेशीं झुंजणारें राजघराणें हीं तीन नांवें एकत्र आलीं म्हणजे मराठी वाचकाच्या मनांत झांशी उभी राहिल्याविना राहात नाहीं. झांशीचें नेवाळकर घराणें मराठी, तांब्यांच्या घरची मनकर्णिका ही त्या घराण्याची राणी लक्ष्मीबाई, आणि झांशी ही बुंदेलखंडांतली. व्हर्ननें झांशीचें नांव घेऊन ही कथा रचली असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु जगांतील कोट्यवधि मुलांनीं ज्याला आपला नायक मानलें, तो पुरुष याच भूमीवरील पराभवांतून निघाला, ही गोष्ट मराठी मुलास ठाऊक असावी कीं नाहीं? असावीच. आणि ती केवळ पुस्तकें शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाच ठाऊक होते, येथें खरा मुद्दा आहे.

कारण पडद्यावरील नेमोचा इतिहास निराळा आहे. १९१६ सालीं अमेरिकेंत स्टुअर्ट पॅटन यांनीं काढलेल्या मूकपटांत व्हर्नच्या दोन्ही कादंबऱ्या एकत्र केल्या होत्या. बहामा बेटांजवळ विल्यमसन बंधूंच्या युक्तीनें खऱ्या समुद्राखालीं त्याचें चित्रण झालें, म्हणून त्याचें नांव चित्रपटाच्या इतिहासांत राहिलें. त्या मूकपटांत नेमो हिंदी राजपुत्र होता. भूमिका गोऱ्या नटानें तोंडाला रंग लावून केली, आणि देशाच्या दुःखाचें रूपांतर एका व्यक्तीवरील सूडांत झालें, तरी निदान जन्मभूमि तशीच राहिली. १९५४ सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेनें मोठा खर्च करून रंगीत चित्रपट काढला. रिचर्ड फ्लायशर यांचें दिग्दर्शन, जेम्स मेसन या इंग्रज नटाचा नेमो, राक्षसी माख्याशीं वादळांत झालेली झुंज, आणि कलायोजना व चमत्कृतिदृश्यें यांबद्दल मिळालेलीं ऑस्कर पारितोषिकें, असा त्याचा थाट होता. चित्रपट उत्तम होता यांत वाद नाहीं. नेमोच्या पत्नीचा आणि मुलाचा छळानें झालेला मृत्यु त्यांतहि आहे. मात्र तो छळ करणाऱ्या राष्ट्राचें नांव त्यांत नाहीं, आणि नेमोचा हिंदुस्थानहि त्यांत नाहीं. ज्या पिढ्यांनीं नेमोला या चित्रपटांतून ओळखलें, त्यांच्या लेखीं तो एक इंग्रजी बोलणारा गोरा शास्त्रज्ञ झाला.

पुढें १९७५ सालीं सोव्हिएत रशियांत दूरचित्रवाणीसाठीं निघालेल्या मालिकेनें त्याला पुन्हा राजपुत्र दक्कर केलें. २००३ सालीं आलेल्या एका इंग्रजी चित्रपटांत, जो अॅलन मूर यांच्या चित्रकथेवर आधारलेला होता, नसिरुद्दीन शहा यांनीं फेटा बांधून नेमोची भूमिका केली. डिस्नेच्या चित्रपटानंतर एकूणपन्नास वर्षांनीं एका मोठ्या इंग्रजी चित्रपटांत नेमोला हिंदी नट मिळाला, आणि तोहि अनेक नायकांपैकीं एक म्हणून. नसिरुद्दीन शहांना त्या वेषांत पाहून ज्यांना नवल वाटलें, त्यांनीं चित्रपट पाहिलेले होते. ज्यांना 'आतां कोठें बरोबर झालें' असें वाटलें, त्यांनीं पुस्तक वाचलेलें होतें.

यावरून पुस्तक निर्दोष आणि चित्रपट अपराधी, असा निवाडा कोणी देऊं नये. पुस्तकालाहि व्यापाराची झळ लागते. व्हर्नच्या मनांत मूळ नेमो हा पोलंडचा सरदार होता. रशियानें १८६३ चा पोलिश उठाव चिरडला त्यांत त्याचें कुटुंब नष्ट झालें, अशी योजना होती. त्याचे प्रकाशक हेत्झेल यांनीं रशियांतील वाचक आणि राजकीय संबंध यांचा विचार करून ती नाकारली. म्हणून पहिल्या कादंबरींत नेमो निनांवी राहिला आणि दुसरींत हिंदी झाला. पुढें इंग्रजींत 'गूढ बेट' प्रथम आलें तेव्हां भाषांतरांत राजकीय स्वरूपाचा बराच मजकूर गाळला गेला, नेमोच्या अखेरच्या भाषणाची धार बोथट झाली. म्हणजे इंग्रजी राज्यांत इंग्रजी प्रत वाचणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याच्या हातीं आलेला नेमोहि पुरता नेमो नव्हता. प्रकाशक, भाषांतरकार आणि चित्रपटकार, या प्रत्येक उंबरठ्यावर नायकाच्या अंगावरचें कांहींना कांहीं उतरवून घेतलें जातें. वाचणाऱ्यानें तें हुडकावें लागतें.

शिवाय व्हर्न स्वतः तरी निःपक्षपाती कोठें होता? त्यानें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. राजपुत्र दक्कर हा टिपू सुलतानाचा पुतण्या, असें तो लिहून जातो. आणि टिपू तर १७९९ सालींच श्रीरंगपट्टणास पडला, त्याचा बुंदेलखंडाशीं कांहीं संबंध नव्हता. इतकेंच नव्हे, तर १८८० सालच्या 'वाफेचें घर' या कादंबरींत त्यानें वाफेवर चालणारा एक लोखंडी हत्ती कल्पिला आहे. तो हत्ती चाकांवरचीं दोन घरें ओढीत उत्तर हिंदुस्थानांतून हिंडतो, आणि त्या प्रवासाच्या आड एक इंग्रज अधिकारी ज्या शत्रूचा शोध घेत असतो, तो शत्रु म्हणजे नानासाहेब पेशवे. एकाच १८५७ मधून एकाच लेखणीनें एक हिंदी पुरुष उदात्त नायक केला आणि दुसरा खलपुरुष. लोखंडी हत्तीच्या कल्पनेनें हरखलेलें मराठी मूल त्या पानावर येतें तेव्हां त्याचा आनंद क्षणभर अडखळतो. तो अडखळूं द्यावा. हत्तीवर लुब्ध व्हावें आणि नानासाहेबांच्या चित्राविषयीं शंका घ्यावी, या दोन्ही गोष्टी एका मनांत राहूं शकतात. लोणारच्या कांठावर लवणासुर आणि अशनि हे दोघे राहतातच कीं.

पुस्तकांत हें अडखळणें शक्य असतें, कारण पुस्तक थांबतें. वाचणारा बोट घालून पान मिटतो, आढ्याकडे पाहतो, मागचें प्रकरण पुन्हा काढतो. चित्रपट प्रेक्षकासाठीं थांबत नाहीं. तो आपल्या गतीनें जातो आणि पाहणाऱ्याला बरोबर ओढून नेतो. त्याची मोहिनी त्या ओढींतच आहे. दुसरा भेद चित्राचा. पुस्तकांत नॉटिलसचें वर्णन कितीहि बारकाईनें केलेलें असो, तिचा रंग, तिची कुबट हवा, तिच्यांतील शांतता हीं वाचणाऱ्याला स्वतःच्या सामग्रींतून उभीं करावीं लागतात. ज्या मुलानें समुद्र पाहिलेला नाहीं, तें विहिरीचें हिरवें पाणी, तळ्याचा काळोख आणि पुराच्या वेळची पैनगंगा यांतून समुद्र घडवितें. तो समुद्र चुकीचा असेल, परंतु तो त्याचा स्वतःचा असतो. चित्रपटांतला समुद्र बरोबर असतो, आणि सर्वांचा सारखाच असतो. एकदां पडद्यावरील चेहरा पाहिला कीं मनांतला चेहरा पुसला जातो आणि बहुधा परत येत नाहीं. हॅरी पॉटरचें पहिलें पुस्तक १९९७ सालीं निघालें, पहिला चित्रपट २००१ सालीं आला. मधल्या चार वर्षांत वाचणाऱ्यांचे जितके वाचक तितके हॅरी होते, नंतर सर्वांचा मिळून एक झाला. पुस्तकांतील पीव्ह्ज नांवाचें खोडकर भूत तर आठांपैकीं एकाहि चित्रपटांत आलें नाहीं. ज्यानें पुस्तक वाचलें नाहीं त्याला आपण कोणाला मुकलों हेंहि कळत नाहीं.

महाराष्ट्रांत चित्रपटाचा जन्मच अद्भुतकथेच्या पोटीं झाला, ही गोष्ट येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. दादासाहेब फाळके यांनीं 'लंकादहन' १९१७ सालीं आणि 'कालिया मर्दन' १९१९ सालीं काढला. दुसऱ्यांत त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी ही कृष्ण झाली होती. त्या काळच्या प्रेक्षकांनीं ते चित्र पाहिलें तें कसें? गोष्ट आधीं मनांत घेऊन. आजीच्या तोंडून, कीर्तनकाराच्या आख्यानांतून, पोथीच्या पारायणांतून कालिया त्यांना ठाऊक होता. पडद्यावर त्यांनीं त्याला केवळ भेट दिली. आपल्या मनांतल्या कृष्णाशीं पडद्यावरचा कृष्ण ताडून पाहण्याची त्यांची तयारी होती. आज क्रम उलटला आहे. हातांतल्या मोबाइलवर चित्र आधीं येतें, आणि पुस्तक आलें तर मागाहून येतें. खेड्यांतील मुलास तर चित्र घरबसल्या मिळतें आणि पुस्तकासाठीं तालुक्याला जावें लागतें. तेव्हां चित्रपटाला दोष देऊन भागणार नाहीं. आधीं गोष्ट मनांत घालण्याची जी जुनी सोय होती, तिची जागा कोणी घ्यावयाची, हा प्रश्न आहे.

मराठींत ती जागा ज्यांनीं मोठ्या निष्ठेनें भरली, त्यांत भा. रा. भागवत यांचें नांव अग्रभागीं आहे. १९१० सालीं जन्मलेले आणि २००१ सालीं निवर्तलेले हे लेखक उभें आयुष्य मुलांसाठीं लिहीत राहिले. १९५१ सालीं त्यांनीं 'बालमित्र' हें मासिक सुरू केलें. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा नांवांनीं त्यांनीं व्हर्नला मराठी केलें. ज्या मुलाला फ्रेंच तर नाहींच, पण इंग्रजीहि वाचतां येत नव्हतें, त्याच्या हातीं त्यांनीं पृथ्वीचा मध्य आणि चंद्राचा पृष्ठभाग दिला.

त्यांच्या स्वतंत्र निर्मितींतील फास्टर फेणे ऊर्फ बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेंतला किडकिडीत मुलगा. सायकल, चपळाई आणि जिभेनें काढलेला 'टॉक्' हा आवाज एवढेंच त्याचें भांडवल. त्या शाळकरी मुलावर ऐंशीच्या दशकांत दूरदर्शनची मालिका निघाली, तींत सुमीत राघवन हे फेणे झाले होते. आणि २०१७ सालीं आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला, त्यांत अमेय वाघ हे फेणे होते. चित्रपटांतला फेणे शाळकरी राहिला नाहीं. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास आलेला तरुण झाला, आणि त्याच्यापुढील संकट परीक्षेंतील भ्रष्टाचाराचें झालें. जुन्या वाचकांना आपला फेणे एकदम मोठा झालेला पाहून चुटपुट लागली असेल. परंतु चित्रपटकारांनीं एक गोष्ट मोठ्या सौजन्यानें केली. दिलीप प्रभावळकर यांच्या रूपानें त्यांनीं स्वतः भा. रा. भागवतांनाच कथेंतील एक पात्र केलें. नायकाच्या पाठीशीं त्याचा लेखक उभा आहे, हें चित्रपटानें पडद्यावर सांगितलें. तें पाहून एखाद्या मुलानें 'हे आजोबा कोण?' असें घरीं विचारलें असेल, आणि घरांतल्या कोणी माळ्यावरचीं जुनीं पुस्तकें खालीं काढलीं असतील, तर त्या चित्रपटानें पुस्तकाचें ऋण फेडलें असें म्हटलें पाहिजे.

विज्ञानकथा बाहेरूनच आणावी लागते असेंहि नाहीं. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेला पहिलें बक्षीस मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. मागाहून उघड झालें कीं, जयंत विष्णु नारळीकर यांनीं आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हें नांव घेतलें होतें. जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाला स्पर्धेंत आपल्या नांवाचें वजन नको होतें. कथा कथा म्हणून टिकते कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें होतें. २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. त्यांच्या कथांवर हॉलिवूडनें कोट्यवधि रुपये खर्चिले नाहींत. तरीहि त्या वाचून महाराष्ट्रांतील कित्येक मुलांनीं रात्रीं गच्चीवर जाऊन आकाशाकडे पाहिलें. पडद्याशिवाय गोष्ट दिसते, याची ती साक्ष आहे.

मग हिवरा आश्रमासारख्या गांवीं काय करावें? मोठ्या योजनेची गरज नाहीं. शाळेंत जेव्हां एखादा चित्रपट दाखवावयाचा असेल, तेव्हां त्याच्या आधीं पंधरा दिवस त्या पुस्तकाचें रोज एक प्रकरण वर्गांत मोठ्यानें वाचावें. शिक्षकाला वेळ नसेल तर मोठ्या वर्गांतील मुलीनें किंवा मुलानें वाचावें, ऐकणाऱ्यांनीं ऐकावें. वाचून झाल्यावर प्रत्येकानें नॉटिलसचें आपलें चित्र काढावें आणि तें जपून ठेवावें. मग चित्रपट पाहावा, मनसोक्त पाहावा, टाळ्या वाजवाव्या. आणि दुसऱ्या दिवशीं फळ्यावर तीन प्रश्न लिहावे: पुस्तकांतलें कोण चित्रपटांत आलें नाहीं? पुस्तकांत नसलेलें काय चित्रपटांत आलें? आणि हे फरक कोणाच्या सोयीसाठीं झाले? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मुलें ओरडून देतील. तिसऱ्या प्रश्नाशीं वर्गांत शांतता पसरेल. त्या शांततेसाठींच हा सर्व खटाटोप आहे.

कारण पुढें आयुष्यांत गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी वर्तमानपत्रांतून सांगतो, कोणी व्यासपीठावरून, कोणी हातांतल्या काचेच्या तुकड्यावरून. प्रत्येक सांगणारा कोणाचें तरी नांव गाळतो, कोणाला तरी गोरा करितो, कोणाला तरी खलपुरुष करितो. लहानपणीं ज्यानें नेमोचा देश स्वतः शोधून काढला, त्याला ही युक्ति एकदां कळलेली असते. तो गोष्टीवर रुसत नाहीं. ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो.

लोणारच्या कांठावर सायंकाळ होते. सरोवराच्या पाण्यावर पांखरें उतरतात, दैत्यसूदनाच्या मंदिरांतील कोरीव आकृति अंधारांत मिसळून जातात, आणि ज्या आकाशांतून एके काळीं तो अशनि आला, त्या आकाशांत एकेक तारा लागूं लागतो. शाळेच्या सहलीची गाडी निघण्याच्या बेतांत असते. गाडींतील एखाद्या मुलीच्या पिशवींत वाचनालयाच्या शिक्क्याचें एक जीर्ण पुस्तक असतें; बाकीचीं मुलें शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाणबुडीचें चित्र पाहात असतात. ती मुलगीहि वांकून पाहते, क्षणभर रमते, आणि मग हळूच म्हणते, "याचा नेमो असा नाहीं. तो आपल्याकडचा आहे." सगळे तिच्याकडे वळून पाहतात. "तुला काय ठाऊक?" असें कोणी विचारतो. तेव्हां तिला पिशवींतलें पुस्तक बाहेर काढावेंच लागतें.